अंथरुणावरच्या रुग्णाचं पोट

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापुरात अर्धांगवायूच्या रुग्णाला बघायला घरी गेलं, की पहिला प्रश्न येतो, "सिस्टर, हात कधी हलणार?" पोट साफ होतंय का, हे मात्र आपणहून कुणी सांगत नाही. संकोच वाटतो. पण आज मी त्यावरच बोलणार आहे.

माणूस पडून राहिला की आतडी मंदावतात. गिळताना ठसका लागतो म्हणून पाणी कमी जातं. वाचा गेली असेल तर शौचाला लागलंय हे सांगताही येत नाही. तो चादर ओढतो, चुळबुळ करतो आणि आपल्याला वाटतं, चिडलाय. त्यात लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर मल आणखी कडक होतो. मग कुंथणं आलं, आणि कुंथताना रक्तदाब एकदम चढतो.

म्हणून वेळ सांभाळा. काही खाल्लं की आतडी जागी होतात, सकाळी तर जास्तच. न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत रुग्णाला कमोडच्या खुर्चीवर बसवा. शौचाला लागलेलं नसलं तरी रोज त्याच वेळी, दहा मिनिटं. "डायपर आहे की, त्यातच होईल," असं म्हणू नका. आडवं पडून कुणालाही नीट जोर करता येत नाही.

पायाखाली पाट ठेवा, गुडघे कमरेपेक्षा जरा वर यायला हवेत. लुळा पाय पाटावरून घसरतो, तो हाताने नीट टेकवा, त्या बाजूला उशी द्या आणि स्वतः त्याच बाजूला उभं राहा. तोल जात असेल तर एकटं सोडू नका. पण दार लोटून घ्या, मांडीवर चादर टाका, नजर दुसरीकडे ठेवा. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला हे किती जड जातं, ते मी रोज बघते.

बसवणं शक्यच नसेल तर डाव्या कुशीवर वळवून गुडघे पोटाकडे घ्या.

नाचणीची आंबील, पिकलेली पपई, मऊ शिजवलेली पालेभाजी चालते. पण ठसका लागत असेल तर किती घट्ट द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. पाणी कमी जात असताना इसबगोल स्वतःच्या मनाने देऊ नका, ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं.

आणखी एक. चार-पाच दिवस शौच नाही आणि अचानक पातळ पाण्यासारखं व्हायला लागलं, तर लोक जुलाब थांबवायची गोळी देतात. बऱ्याचदा आत कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत असतं. गोळीने तो आणखी घट्ट बसतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा. पोट फुगलं, उलटी झाली किंवा रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.

उशाशी एक वही ठेवा. शौच कधी झालं, कडक की मऊ, एवढंच लिहा. पुढच्या तपासणीला ती वही आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या.