चार ते नऊ : बडोद्यातले पाच तास

(दृश्य : सयाजीबागेचं गेट, दुपारचं ऊन, आत जाणारी माणसं)

दुपारचे चार वाजलेत आणि मी बडोद्यात सयाजीबागेच्या गेटपाशी उभा आहे. स्टेशनपासून चालत आलो, फार लांब नाहीये. जुनी माणसं अजून हिला कमाटीबागच म्हणतात. आत लहान पोरं टॉय ट्रेनसाठी हट्ट करतायत, बाकावर दोन आज्या मराठीत सुनांबद्दल बोलतायत, बडोद्यात मराठी कानावर पडतंच, गायकवाडांचं गाव हे. माझी परतीची गाडी रात्री नऊच्या सुमारास आहे, म्हणजे हातात पाच तास. हे पाच तास मी मुद्दाम ठेवलेत.

१९१७ च्या सप्टेंबरमध्ये एक २६ वर्षांचा मुलगा याच बागेत असेच पाच तास बसून होता. परदेशात शिकून नुकताच परत आलेला, नोकरीला लागून जेमतेम अकरा दिवस झालेले. त्याचीही गाडी रात्री नऊची होती, मुंबईची. त्या मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

आपण सगळे बाबासाहेबांना फोटोत बघतो ते कोट, चष्मा, हातात संविधान असे. मला आज त्या आधीच्या मुलाबद्दल बोलायचंय, जो फॉरेन रिटर्न होता, ज्याच्याकडे कोलंबिया युनिव्हर्सिटीची एमए होती आणि ज्याला नोकरीच्या गावात रात्री डोकं टेकायला जागा मिळत नव्हती.

थोडं मागे जाऊ. सयाजीराव गायकवाड महाराज, मूळचे आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, त्यांनी १९१३ मध्ये या मुलाला अमेरिकेला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि करार असा की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. आजच्या भाषेत बॉण्ड. न्यूयॉर्कमध्ये जुलै १९१३ ला पोचले, १९१५ ला एमए झाले, १९१६ च्या मे महिन्यात तिथल्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचला, मग लंडनला एलएसई, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, आणि तिथलं शिक्षण अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. सामान दुसऱ्या बोटीने पाठवलेलं, ती बोट टॉर्पेडो लागून बुडाली, सोबत पुस्तकंही गेली. २१ ऑगस्ट १९१७ ला मुंबईत उतरले. घरी रमाबाई, आणि यशवंत, जो वडील अमेरिकेला गेले तेव्हा काही महिन्यांचा होता आणि आता पाचवं वर्ष चालू होतं त्याला. चार वर्षांनी घरी आलेला माणूस महिनाभरसुद्धा घरात टिकला नाही, करार होता, बडोद्याला हजर व्हायचं होतं.

मला हा महिना फार जवळचा वाटतो. मीसुद्धा २०२२ मध्ये परत आलो. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेलो होतो, एका वर्षाची मास्टर्स. लंडनला गेलो की किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरासमोर उभा राहायचो, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते घर, आता महाराष्ट्र सरकारने घेऊन स्मारक केलंय. परत आलो तेव्हा परभणीला स्टेशनवर आई, बाबा, दोन्ही काका, शेजारचे, सगळे. हार घातले. पंधरा दिवस रोज कुणाच्या तरी घरी जेवण. आणि मग पुण्यात नोकरी लागली, खराडीत, आयुष्यातली पहिली फुलटाईम. ऑफर लेटर आईने देव्हाऱ्यात बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवलं होतं.

(दृश्य : बडोदा स्टेशन, प्लॅटफॉर्मवरची गर्दी)

महाराजांनी हुकूम दिला होता की आंबेडकरांना स्टेशनवर उतरवून घ्यायला माणूस पाठवा. कोणी आलं नाही. प्रश्न एकच होता, जायचं कुठे. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, आणि स्टेशनावर उतरताच ती परत आली. गावात हिंदूंच्या विशी होत्या, म्हणजे खाणावळवजा हॉटेलं, तिथे खरं सांगितलं तर घेणार नाहीत. अमेरिकेत सोबत असलेले बडोद्याचे मित्र होते, पण त्यांच्या दारात गेलं आणि त्यांची अडचण झाली तर? हा विचार बघा. घरमालक नाही म्हणेल ही भीती वेगळी आणि मित्राचा चेहरा उतरेल ही भीती वेगळी.

शेवटी कोणीतरी सांगितलं की एक पारशी धर्मशाळा आहे. राखणदाराने आधी खोली दिली, मग लक्षात आलं की अंगावर सदरा-कस्ती, म्हणजे पारशांचा धार्मिक सदरा आणि कमरेची दोरी, नाही, म्हणजे हा पारशी नाही. पण त्या धर्मशाळेत कोणी येतच नसे, राखणदाराला चार पैसे हवे होते, आणि यांना छप्पर हवं होतं. ठरलं असं की रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहायचं. जेवणाखाणासकट रोजचा दीड रुपया.

ती जागा कशी होती ते नीट ऐका, कारण माझ्या डोक्यातून ती जात नाही. वरचा मजला. एक छोटी झोपायची खोली, शेजारी नळ असलेली मोरी, आणि बाकी सगळा मजला म्हणजे एक मोठा हॉल, त्यात फळ्या, बाकडी, मोडक्या खुर्च्या, अडगळ भरलेली. दुसरं माणूस कोणी नाही. वीज नाही, दिवेही नाहीत, राखणदार रात्री एक छोटा कंदील आणून ठेवायचा, त्याचा उजेड चार बोटांच्या पलीकडे जात नसे. अंधारात वटवाघळं फडफडायची, चिरकायची. आणि त्या कंदिलापाशी हा मुलगा पुस्तक धरून बसलेला, वाचत. न्यूयॉर्कच्या लायब्ररीतून थेट तिथे. दिवसा दहाला बाहेर पडायचे, रात्री आठशिवाय परत यायचे नाहीत, मुद्दाम बाहेर वेळ काढायचे, कारण त्या हॉलमध्ये परत जायचं म्हणजे अंगावर काटा यायचा. स्वतःची समजूत एवढीच काढायचे की अंधारकोठडी का असेना, डोक्यावर छप्पर तर आहे.

एकदा बहिणीचा मुलगा मुंबईहून राहिलेलं सामान घेऊन आला. मामाची ही अवस्था बघून तो इतक्या मोठ्याने रडायला लागला की त्याला लगेच परत पाठवून द्यावं लागलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटवून बसलो बराच वेळ. घरच्यांना कळू नये असं वाटतं ना, ते मला माहितीये. पुण्यात मी पहिले ४० दिवस पिंपरीला मामाकडे राहून खराडीला जात होतो, जायला दोन तास, यायला दोन तास, आणि आई रोज फोनवर विचारायची घर मिळालं का, तर मी म्हणायचो बघतोय अजून, ऑफिसजवळ चांगलं हवंय म्हणून थांबलोय. खरं असं होतं की चार घरं पसंत केली होती. एका ठिकाणी टोकनसुद्धा दिलं, पाच हजार. काकू छान बोलल्या, लंडनला होतास का, वा, आमचा पुतण्या पण तिकडेच. मग म्हणाल्या, पूर्ण नाव काय म्हणालास? मी आडनाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ह्यांना विचारून कळवते. संध्याकाळी पाच हजार फोनवर परत आले. ना मेसेज, ना कॉल, नुसतं ते टिंग वाजलं.

ऑफिसबद्दलही सांगायला पाहिजे. बाबासाहेबांनी लिहिलंय की त्यांना अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात प्रोबेशनर म्हणून नेमलं होतं. महाराजांच्या मनात पुढे अर्थमंत्री करायचं होतं, त्यासाठी आधी वेगवेगळ्या खात्यांतलं काम शिकावं असा विचार. आणि त्या ऑफिसात शिपाई कागद लांबून टेबलावर टाकायचे, बाबासाहेब उठून जायला निघाले की सतरंजी गुंडाळायचे, प्यायला पाणी मिळायचं नाही. हे चरित्रकारांनी नोंदवून ठेवलंय. ज्यांच्याकडून काम शिकायचं त्यांनी जवळच यायचं नाही, मग माणूस काम कसं शिकणार? सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केलेला होता, तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता.

अकरावा दिवस. सकाळचं जेवण झालं होतं, कपडे घालून ऑफिसला निघायची तयारी, लायब्ररीतून आणलेली पुस्तकं परत करायची म्हणून गोळा करत होते. जिन्यावर पावलं वाजली, पुष्कळ माणसांची. त्यांना वाटलं प्रवासी आले असतील राहायला. दारात डझनभर पारशी, हातात काठ्या. तू कोण, पारशी नाव घेतलंसच कसं, धर्मशाळा बाटवलीस. आठवडाभर राहू द्या अशी विनंती केली, ऐकली नाही, संध्याकाळपर्यंत चालता हो.

एक गोष्ट इथेच सांगतो नाहीतर अर्धवट चित्र राहील. न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांचा जिवलग मित्र पारशीच होता, नवल भथेना. पुढे १९२० मध्ये लंडनला जाऊन शिक्षण पूर्ण करायचं ठरलं तेव्हा पैसे उसने देणाऱ्यात हाच मित्र होता, आणि मदत करणाऱ्यात कोल्हापूरचे शाहू महाराज, ज्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर शंभर वर्षांनी माझ्यासारखी पोरं जातात. काठ्या घेऊन आलेले होते तसा भथेनाही होता.

मग त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू. त्याला मनापासून वाईट वाटलं, संतापलासुद्धा, आणि मग म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिश्चन, ज्याने आधी स्वतःहून घरी राहायला बोलावलं होतं. तो म्हणाला बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. तो आणि बायको दोघंही मूळचे ब्राह्मण घरातले, धर्म बदलला होता, पण बायकोचे विचार अजून जुने होते. बाबासाहेबांनी ओळखलं आणि तिथून निघाले.

तेव्हा वाजले होते चार. गाडी नऊला.

(दृश्य : बागेतलं मोठं झाड, खाली बसलेला निवेदक)

आता मी ज्या भागात बसलोय तिथलं हे वडाचं झाड, इथेच ते बसले होते असं लोक सांगतात, या जागेला संकल्पभूमी म्हणतात, आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला इथे लांबून लांबून माणसं येतात. इथे बसून त्यांनी समाजासाठी संकल्प केला, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं आणि ते मी मानतोच. पण त्यांनी स्वतः त्या पाच तासांबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मला दुसरंच काही दिसलं. ते म्हणतात की मन कधी रिकामं होतं, कधी दुःखाने भरलेलं, आणि आई-वडिलांची आठवण येत होती, एकटं पडलेल्या लहान मुलाला येते तशी. आई भीमाबाई ते लहान असतानाच गेलेल्या. वडील रामजी १९१३ च्या फेब्रुवारीत गेले, अमेरिकेला जायच्या काही महिने आधी. म्हणजे परत आल्यावर ज्यांना जाऊन सांगावं की असं असं झालं, ती दोन्ही माणसं नव्हती. मला निदान खोटं बोलायला का होईना, फोनवर आई होती.

साडेसहा झाले. आज्या उठून गेल्या. टॉय ट्रेन बंद झाली असावी, शिट्टी ऐकू येत नाहीये आता.

पुढे काय झालं ते पटकन सांगतो. मुंबईला आल्यावर महाराजांना कळवलं, त्यांनी दिवाणांकडे पाठवलं, दिवाणांनी असमर्थता दाखवली, बडोद्याची नोकरी तिथेच संपली. शिकवण्या घेतल्या. व्यापाऱ्यांना शेअर्सचा सल्ला देणारं ऑफिस काढलं, जात कळल्यावर गिऱ्हाइकं यायची थांबली. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, पगार ४५० रुपये, आणि तिथेही स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये असं काही प्राध्यापकांचं म्हणणं. तरी त्या पगारातून पैसे साठवले आणि १९२० ला परत लंडन गाठलं.

आठ वाजले. बरोबर या वेळेला ते बागेतून बाहेर पडले, गाडी केली, धर्मशाळेवर गेले, सामान खाली आणलं. राखणदार बाहेर आला. हाच तो, ज्याने रजिस्टरमध्ये खोटं नाव लिहू दिलं होतं, रोज कंदील आणून ठेवायचा. दोघांनाही बोलायला शब्द सुचेना. आपल्यामुळे हा माणूस संकटात आला असं त्याला वाटत होतं. बाबासाहेबांनी बिल दिलं, त्याने गुपचूप घेतलं, आणि गुपचूपच निरोप झाला.

मला माझा ब्रोकर आठवतो. माझ्याच वयाचा, बीडकडचा पोरगा, चार महिने झाले होते पुण्यात येऊन. टोकन परत आलं त्या रात्री मला चहाच्या टपरीवर भेटला. आधी म्हणाला ओनरचा भाचा येतोय राहायला, आणि अर्ध्या वाक्यात थांबला. घरं दाखवायचे म्हणून माझ्याकडून ५०० रुपये घेतलेले होते, ते खिशातून काढून टेबलावर ठेवले. मी घेतले नाहीत. तो म्हणाला नाही की घे, मी म्हणालो नाही की राहू दे. चहा थंड झाला, नोट कपाखाली तशीच, आणि आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो.

(दृश्य : बडोदा स्टेशन, रात्र. मुंबईची गाडी लागते.)