मोड निवडण्याआधी स्विचकडे बघा

मंडळी, आज समोर नागपूरच्या मिहानमधले सर्व्हरवाले बसलेत आणि हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांचं नेटवर्क सांभाळणारेही. हे दोघं एका खोलीत क्वचितच भेटतात. आजच्या विषयातला, म्हणजे विंडोजच्या लोड बॅलन्सिंगसाठी युनिकास्ट की मल्टिकास्ट मोड घ्यायचा यातला, अर्धा घोळ त्यातूनच होतो.

एकाच साइटचं काम अनेक मशीनवर वाटणाऱ्या, विंडोज सर्व्हरच्या नेटवर्क लोड बॅलन्सिंगमध्ये, म्हणजे एनएलबीत, काम वाटून देणारा मुकादम नसतो. क्लस्टरमध्ये, म्हणजे मशीनच्या गटात, ३२ पर्यंत मशीन घेता येतात आणि क्लायंटचं प्रत्येक पॅकेट त्या सगळ्यांपर्यंत पोचावं लागतं. सगळी मशीन क्लायंटच्या पत्त्यावरून एकच हिशेब करतात. ज्याच्या वाट्याला पॅकेट येतं ते घेतं, बाकीची टाकून देतात. स्विचचा धंदा मात्र याच्या बरोबर उलटा: ज्याचं त्याला, त्याच्याच पोर्टवर. मोड कोणताही घ्या, स्विचची ही सवय मोडावीच लागते.

युनिकास्टमध्ये ती फसवून मोडतात. सगळ्या मशीनना एकच मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, मिळतो: ०२-बीएफ आणि पुढे क्लस्टरच्या आयपीचे चार आकडे हेक्समध्ये. स्विचने तो शिकू नये म्हणून बाहेर जाणाऱ्या फ्रेमवर, म्हणजे पॅकेट ज्या पाकिटात घालून पाठवतात त्यावर, दुसराच पत्ता लावतात. मग महाल भागातल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाड माहीत नसलेला पोस्टमन जसा दार दार ठोठावेल, तसा स्विच प्रत्येक फ्रेम त्या व्हीलॅनच्या, म्हणजे स्विचवर आखलेल्या त्या वेगळ्या नेटवर्कच्या, सगळ्या पोर्टवर ओततो. प्रिंटर आणि सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्यांनासुद्धा! पूर फक्त आत येणाऱ्या ट्रॅफिकचा असतो, उत्तरं सरळ निघून जातात. त्यामुळे साध्या वेबसाइटला फारसं जाणवत नाही, मोठ्या फाइली अपलोड होत असतील तर जाणवतं.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरवर आणखी एक गंमत. व्हर्च्युअल मशीन सुरू झालं किंवा दुसऱ्या होस्टवर हललं की होस्ट, म्हणजे ते चालवणारं खरं मशीन, स्वतःहून स्विचला पत्ता कळवतो. स्विच तो शिकतो आणि सगळं ट्रॅफिक एकाच पोर्टकडे वळतं. म्हणून तिथे युनिकास्टसाठी ‘नोटिफाय स्विचेस’ ही सेटिंग बंद ठेवावी लागते, आणि व्हीएमवेअरची शिफारसही मल्टिकास्टचीच आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर युनिकास्टसाठी मॅक स्पूफिंगची, म्हणजे दुसरा मॅक लावून पाठवायची, परवानगी द्यायची, झालं.

मल्टिकास्टमध्ये प्रत्येक मशीनचा स्वतःचा मॅक शाबूत राहतो, वर ०३-बीएफने सुरू होणारा सामाईक पत्ता येतो. अडचण राउटरची. कुठल्या आयपीचा मॅक कोणता, हे तो एआरपीने विचारतो. आयपी युनिकास्ट आणि मॅक मल्टिकास्ट, असं एआरपी उत्तर मानू नये, हे राउटरसाठीच्या १९९५ च्या आरएफसी १८१२ या इंटरनेटच्या नियमपत्रातच लिहिलंय. मग त्याच व्हीलॅनमधून साइट उघडते, दुसऱ्या शाखेतून उघडत नाही, आणि लोक फायरवॉलला शिव्या देत बसतात. बिचाऱ्या फायरवॉलचा काही दोष नसतो! राउटरवर स्टॅटिक एआरपी टाका, म्हणजे आयपी-मॅकची जोडी हाताने लिहा. स्विचवरही तो मॅक नेमक्या पोर्टना बांधा, नाहीतर इथेही तोच पूर. मल्टिकास्टचाच आयजीएमपी प्रकार घेतला तर मशीन स्वतः नाव नोंदवतात आणि ते ऐकून, म्हणजे स्नूपिंगने, स्विचला पोर्ट आपोआप कळतात, पण व्हीलॅनमध्ये ही नोंद विचारत राहणारा क्वेरियर हवा, आणि एआरपीचं दुखणं तिथेही राहतंच.

माझं मत विचाराल तर, खरेखुरे सर्व्हर आणि त्यांच्यापुरता छोटा वेगळा व्हीलॅन असेल तर युनिकास्ट पुरे. व्हर्च्युअल मशीन असतील आणि स्विचचा पासवर्ड तुमच्याकडे असेल, तर मल्टिकास्ट. स्विच दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल आणि एका ओळीच्या बदलासाठी आठवडाभर मेल लिहावे लागत असतील, तर एनएलबीच्या भानगडीत पडू नका, वेगळा लोड बॅलन्सर घ्या.

आणि मोड बदलायचाच असेल तर रात्री बदला. सगळ्या मशीनवर तो एकच लागतो, आणि बदलताना चालू कनेक्शन तुटतात.