आधी नाणं, मग गिमिक

[अगदी जवळून : लेथच्या चकमध्ये नाणं. टूल पुढे सरकतंय.]

चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत धरलंय ते अमेरिकेचं अर्ध्या डॉलरचं नाणं. व्यास ३०.६ मिलिमीटर, जाडी २.१५. कारागिराला यातली छाप्याची बाजू हवी आहे आणि भोवतीची कड. मधला सगळा धातू तो पोखरून काढणार आहे.

[कीस उडतो. मशीन थांबतं.]

आता बघा. समोरून अख्खं नाणं. उलटं केलं की आत पोकळी. जादूगार याला शेल म्हणतात. याच्या पोटात दुसरं नाणं बसतं. दोनाचं एक होतं आणि एकाची पुन्हा दोन.

रंगमंचावर एवढी मेहनत कुणी घेतली नसती. तिथे पहिली रांगसुद्धा चार-पाच हात लांब असते, दिवे आपल्या सोयीचे असतात. क्लोज-अपमध्ये, म्हणजे अगदी जवळून दाखवायच्या जादूत, प्रेक्षक टेबलाच्या पलीकडेच बसलेला असतो, आणि त्याला नाणं हातात घेऊन बघायचं असतं. बघणारच तो, का नाही बघणार? नाणं म्हणजे काही जादूगाराची रंगीत पेटी नव्हे. रोजच्या हाताळणीतली वस्तू ती. गिमिक म्हणजे जादूसाठी गुपचूप बदललेली अशी वस्तू. म्हणून ‘कुठलं गिमिक घेऊ?’ या प्रश्नाआधी ‘कुठलं नाणं घेऊ?’ हा प्रश्न येतो. दुकानांच्या जाहिराती मात्र ट्रिकच्या नावानेच सुरू होतात.

[दोन शेल शेजारी शेजारी. कॅमेरा कडेवर.]

साधं नाणं साध्या नाण्यात शिरणार कसं? मापं तर सारखीच. इथे दोनच वाटा आहेत. एक, आतलं नाणं तासून लहान करायचं. हे सोपं आणि स्वस्त, पण मग ते लहान केलेलं नाणं कायमचं गिमिक होऊन बसतं आणि इतर नाण्यांशेजारी ठेवलं की उणं दिसतं. दुसरी वाट, शेलच किंचित मोठा करायचा. याला एक्स्पांडेड शेल म्हणतात. त्यात कुठलंही साधं नाणं बसतं, आणि ते साधं नाणं प्रेक्षकाच्या हातात बिनघोर देता येतं. आमचं मत विचाराल तर पहिली खरेदी हीच.

पण मोठा करायचा म्हणजे धातू ताणायचा. आणि धातू ताणला की कडेवरच्या रेघा बिघडतात. या नाण्याच्या कडेवर १५० उभ्या रेघा असतात. टांकसाळीने पाडलेल्या, एकसारख्या. ताणल्यावर त्या पसरतात, पुसट होतात. चांगला कारागीर त्या पुन्हा पाडतो. घाईतला पाडत नाही.

[बोट कडेवरून फिरतं. आधी डावा शेल, मग उजवा.]

डावीकडच्या शेलची कड जवळजवळ गुळगुळीत आहे. उजवीकडच्यावर नख अडकतं. टेबलावर सपाट ठेवलेत तर दोन्ही सारखे दिसतील. पण चार नाणी एकावर एक रचली आणि त्यात डावीकडचा शेल असला, तर त्या रचलेल्या नाण्यांमध्ये एक गुळगुळीत पट्टा उमटतो. प्रेक्षकाला तो काय आहे ते कळणार नाही, पण त्याची नजर तिथे थांबेल. जादूगाराचं नुकसान तेवढ्यानेच होतं.

[नाण्यांची कड, खूप जवळून. लाल रेघ.]

आणि ही लाल रेघ. वर्षाप्रमाणे नाण्याचा धातू बदलत गेला, त्याची ही खूण. १९६४ चं केनेडीच्या छाप्याचं अर्धा डॉलर ९० टक्के चांदीचं होतं. १९६५ ते १९७० या काळात चांदी ४० टक्क्यांवर आली. १९७१ पासून चलनातल्या नाण्यांत चांदी नाहीच : पोटात तांबं आणि वर तांबं-निकेलचा पांढरा पातळ थर. कडेला जे लाल दिसतं ते पोटातलं तांबं.

असं नाणं पोखरलं तर काय होईल? पांढरा थर निघून जाईल आणि शेल आतून लालसर दिसेल. बोटं जराशी कलली की तो लाल रंग चमकून जातो. १९६४ चं नाणं कितीही पोखरा, आतून-बाहेरून एकाच रंगाचं. म्हणून जाणकार सालासकट मागणी करतात. मात्र १९६४ चा शेल घेतला की त्याच्यासोबतची साधी नाणीही १९६४ चीच लागतात. चांदीचं नाणं साडेबारा ग्रॅमचं, नंतरचं ११.३४ ग्रॅमचं. रंगात फरक, वजनात फरक, आणि सगळ्यात जास्त फरक आवाजात.

[टेबल. वरून एक-एक नाणं पडतं. या भागात संगीत नाही.]

हे चांदीचं.

हे आजचं, तांब्याच्या पोटाचं.

हा शेल.

आणि हे दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं.

शेवटचं बद्द वाजलं, ऐकलंत? अशा नाण्यात एक बाजू वाटीसारखी पोखरलेली असते आणि दुसरी तासून त्यात बसवलेली असते. सांधा कडेवर येत नाही. तो एका बाजूच्या काठाला आतून लागून जातो, त्यामुळे डोळ्यांना सहज सापडत नाही. कानाला सापडतो. दोन तुकड्यांमध्ये डिंकाचा थर असला की नाणं खणखणत नाही. नाणं घेताना वाजवून घ्यायचं, ही जुनी सवय इथे फार उपयोगाची. आणि विकणारा वाजवू देत नसेल तर त्याच्याकडून घेऊच नये.

[जुनं छायाचित्र : दोन भागांत उघडलेलं पाच सेंटचं नाणं.]

हे नाणं जादूगाराचं नव्हतं. १९५३ साली ब्रुकलिनमध्ये वर्तमानपत्रं टाकणाऱ्या एका मुलाच्या हाती आलं. एफबीआयच्या नोंदीप्रमाणे त्याला आधी आवाज वेगळा वाटला. मग त्याने नाणं बोटावर तोललं, तर हलकं लागलं. जमिनीवर टाकलं, तर त्याचे दोन तुकडे झाले. आत इवलीशी फिल्म होती, तिच्यावर आकड्यांच्या ओळी. सोव्हिएत हेरांचा सांकेतिक निरोप होता तो, आणि त्यातला मजकूर १९५७ पर्यंत कुणाला उलगडला नव्हता. नाण्याची एक बाजू १९४८ सालची होती. दुसरी युद्धकाळात, १९४२ ते १९४५ दरम्यान पाडलेल्या नाण्यातून घेतलेली, म्हणजे धातूच निराळा. अक्षरांमधल्या एका ‘आर’मध्ये सुई जाईल एवढं भोक होतं, नाणं उघडण्यासाठी. काम नजर लागावं इतकं सफाईदार. पण पकडलं गेलं ते आवाजावरून आणि वजनावरून.

[तांब्याचं नाणं आणि चांदीचं नाणं एकमेकांवर ठेवलेली.]

तांबं-चांदी ही जोडी क्लोज-अपमध्ये सगळीकडे भेटते. प्रेक्षकाच्या मुठीत चांदीचं नाणं होतं, उघडतो तर तांब्याचं. इथे तांब्याचं नाणं बहुतेक वेळा ब्रिटनची जुनी पेनी असते. व्यास ३०.८ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या डॉलरला जवळपास तंतोतंत. १९७१ साली ब्रिटनने दशमान चलन आणलं आणि ही मोठाली पेनी चलनातून गेली. अनेकांच्या घरात पडून राहिलेलं हे नाणं जादूगारांच्या कामी आलं. मापं जुळली हा निव्वळ योगायोग.

एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला चांदी असलेलं नाणं घ्यायचं असेल तर ते आडवं धरा आणि कड बघा. दोन अर्धी नाणी नुसती पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतील तर कडेवर दोन रंगांचे पट्टे दिसतील. चांगल्या कामात चांदीच्या नाण्याची कड पूर्ण राखलेली असते आणि तांब्याची चकती तिच्या आत बसवलेली असते. बाजूने पाहणाऱ्याला फक्त चांदी दिसते.

[चकती बसवताना. हलका दाब. अंगठा काठावरून फिरतो.]

हे बसवणं आम्ही पूर्ण चित्रित केलं, कारण ते बघण्यासारखंच आहे. चकती सैल असेल तर डिंकावर भार येतो. घट्ट असेल तर चांदीची कड बाहेर फुगते. कारागीर एकच चकती पुन्हा पुन्हा चकमध्ये लावतो, टूल नुसतं टेकवतो आणि बसवून बघतो. प्रत्येक वेळी निघणारा कीस डोळ्यांना धड दिसतही नाही. मायक्रोमीटर शेजारीच पडलेला आहे, पण शेवटचा निर्णय अंगठा घेतो.

[तांब्याचं नाणं शेलमधून निसटत नाही. लोखंडी कडं. टेबलावर ठोका.]

‘स्कॉच अँड सोडा’ या जुन्या ट्रिकमध्ये अर्ध्या डॉलरच्या शेलमध्ये मेक्सिकोच्या २० सेंटाव्होच्या तांब्याच्या नाण्यावर बेतलेलं गिमिक बसतं आणि तिथेच अडकतं. इतकं घट्ट, की प्रेक्षकाने हातात घेतलं तरी सुटत नाही. सोडवायचं असलं की असं कड्यात ठेवून आपटायचं. नव्याने घेणारे ते नखाने उचकटायला जातात, शेलची पातळ कड वाकवतात आणि मग म्हणतात माल खराब निघाला.

[घडीचं नाणं उघडतं, मिटतं. बाटलीचं तोंड.]

घडीचं नाणं तीन तुकड्यांत कापलेलं असतं. कडेत कोरलेल्या बारीक खाचेतून रबर गेलेला असतो, तोच तुकडे एकत्र धरतो. बाटलीच्या तोंडातून नाणं आत जातं ते असं. यात टिकत नाही ते रबर. ते वाळतं आणि नेमकं प्रयोगात तुटतं. जास्तीची रबरं सोबत मिळतात की नाही, हे विचारून घ्या. कापाच्या रेघा नाण्यावरच्या चित्राच्या रेषांआडून नेल्या आहेत का, हेही बघा.

चुंबकाची नाणी दोन प्रकारची : ज्याच्या पोटात चुंबक आहे ते, आणि ज्याच्या पोटात पोलादाचा पत्रा आहे ते. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकली जातात, म्हणून विचारून घ्यायचं. आणि चुंबकाचं नाणं निवडताना ज्या चलनात काम करायचं ते चलन आधी तपासायचं. अमेरिकेचं अर्धा डॉलर चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चिकटणाऱ्या नाण्याचा कुणाला संशयही येत नाही. युरोची १, २ आणि ५ सेंटची नाणी मात्र तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. ब्रिटनची १ आणि २ पेन्सची नाणीही १९९२ पासून तशीच. तिथे चुंबकाचं नाणं खिशात टाकलं की सगळी चिल्लर त्याला येऊन डसते.

[जादूगार अर्धा डॉलर पुढे करतो. प्रेक्षक तो घेऊन उलटसुलट करून पाहतो.]

अर्धा डॉलर आम्ही इतका वेळ दाखवला, आता त्याच्याविरुद्धही बोलायला हवं. तळहातात हे नाणं छान बसतं, कडा बोटांना धरतात, लांबून दिसतं. हातचलाखीच्या शिकवणीत वर्षानुवर्षं हेच नाणं चालत आलं. पण ते लोकांच्या खिशातून जवळपास गेलंच आहे. २००२ नंतर बरीच वर्षं अमेरिकेच्या टांकसाळीने ते फक्त संग्राहकांसाठी पाडलं. अमेरिकेतसुद्धा ते पुढे केलं की लोक आधी नाण्याकडेच बघत राहतात, बाहेर तर विचारूच नका. ज्या नाण्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही त्याचं गिमिक मिळत असेल, तर हात थोडा अवघडला तरी ते घ्यावं. आमच्यासोबतच्या जादूगाराला हे अजिबात मान्य नाही. त्याचं म्हणणं, हातात नीट न बसणारं नाणं प्रेक्षकाला संशय यायच्या आधी जादूगाराला दगा देतं.

[घासून गुळगुळीत झालेली जुनी नाणी, ओंजळीत.]

ही १९१६ ते १९४७ दरम्यान पाडलेली, चालत्या स्वातंत्र्यदेवीच्या छाप्याची अर्ध्या डॉलरची नाणी. वापरून वापरून छाप पार सपाट झाली आहे. अशी नाणी एकमेकांवरून आवाज न करता सरकतात. जादूगारांच्या भाषेत, ही कमी बोलतात. अशांतूनच शेल करून घेणारे लोक पूर्ण संच एकाच वेळी करवून घेतात, म्हणजे झीज आणि रंग सगळ्यांचा सारखा राहतो. नवाकोरा चकचकीत शेल आणि सोबत मळकी नाणी, ही चूक दुरून ओळखू येते.

प्रयोगात गिमिक नेमकं कधी येतं आणि कधी जातं, ते आम्ही चित्रित केलेलं नाही. तीच अट होती.

बाकी काळजीच्या गोष्टी : ब्रिटनमध्ये चलनातलं नाणं परवान्याशिवाय वितळवायला किंवा तोडायला १९७१ च्या कायद्याने बंदी आहे, अमेरिकेत फसवणुकीच्या हेतूने बदललं तर गुन्हा आहे, आपापल्या देशातला नियम बघून घ्यावा, पेसमेकर असलेल्यांजवळ चुंबकाची नाणी नेऊ नयेत, आणि गिमिक वेगळ्या खिशात ठेवावं, नाहीतर कुठेतरी सुट्ट्या पैशांसोबत खर्च होऊन जातं.

[कारागीर वहीत ऑर्डर लिहून घेतो.]

सुरुवातीला एक एक्स्पांडेड शेल आणि त्याच सालची चार साधी नाणी, एवढं पुष्कळ. ऑर्डर घेताना कारागीर पहिल्यांदा साल विचारतो, मग शेल छाप्याच्या बाजूचा हवा की काट्याच्या. हे घरूनच ठरवून जा. हातातली नाणी ज्या बाजूने वर ठेवायची सवय असेल, ती बाजू सांगायची. एकदा नाणं पोखरलं की बाजू बदलून मिळत नाही.