दिवे बदला, उजेड सांभाळा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलूया आधुनिकतावादी, म्हणजे विसाव्या शतकातल्या साध्या, सरळ रेषांच्या इमारतींतले जुने दिवे बदलण्याबद्दल.

न्यूयॉर्कमधली सीग्रॅम इमारत 1958 साली पूर्ण झाली. वास्तुरचना मीस व्हान डेर रोह आणि फिलिप जॉन्सन यांची, प्रकाशयोजना रिचर्ड केली यांची. प्रत्येक मजल्यावर काचेलगतचं छतच उजळतं ठेवल्यामुळे अंधार पडला की अख्खी इमारत आतून पेटल्यासारखी दिसे. खिडक्यांचे पडदेही पूर्ण उघडे, अर्धे किंवा पूर्ण बंद, एवढ्या तीनच जागी थांबत. का, तर बाहेरून विस्कटलेलं दिसायला नको! हट्ट म्हणा हवं तर. पण आधुनिकतावादी इमारतींत उजेड हा बांधकामाचाच भाग असतो.

म्हणून अशा ठिकाणी ‘जुना बल्ब काढा, एलईडी लावा’ एवढ्यावर भागत नाही. बचतीबद्दल वाद नाही. तारेचा बल्ब एका वॅटमागे साधारण 15 लुमेन (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) देतो, चांगला एलईडी 100च्या वर. घोळ होतो तो उजेडाच्या गुणात.

छतात बसवलेला जुना डाउनलाइट घ्या. त्याच्या आतली चकचकीत वाटी बल्बमधली तार नेमकी कुठे येणार, हे धरून घडवलेली असते. एलईडीमध्ये उजेडाचा उगम वेगळ्या जागी येतो. मग भिंतीवर उतरणारी प्रकाशाची कमान वर सरकते किंवा फिसकटते, आणि खाली उभ्या माणसाच्या डोळ्यांत तिरीप जाते. डिमरचं, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाचंही तसंच. तारेचा बल्ब मंद केला की सोनेरी होत जातो. साधा एलईडी नुसताच मंद होतो, रंग तोच. शिवाय शेकडो वॅटसाठी बनवलेल्या जुन्या डिमरवर चार-दोन एलईडी जोडले तर ते चक्क लुकलुकतात.

माझ्या मते जुनी दिव्याची चौकट आणि काच जागेवरच ठेवावी, आतला भाग तेवढा नवा घालावा, तोही उद्या काढता येईल असा. आधी उजेड मोजून, रंग नोंदवून घ्यावा. एका खोलीत नमुना लावून तो रात्रीही पाहावा, कारण दुपारी सगळेच दिवे बरे दिसतात.

राहिला सेन्सर. माणूस गेला की दिवा बंद, ही बचत मोठी. पण काचेच्या इमारतीत त्यामुळे दर्शनी बाजू ठिगळं लावल्यासारखी दिसू लागते. तिथे आतले दिवे सेन्सरवर टाकावेत. काचेलगतची रांग विझवू नये, सगळ्या मजल्यांवर सारखीच मंद करावी, आणि ठरल्या वेळी एकदमच बंद करावी.