एक्कावन्न नंबरचे सुतारमास्तर

नमस्कार श्रोतेहो.

आज जरा लांब जायचंय. अमेरिकेत, त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये. रेडिओ बंद करू नका, नियमांचं पुराण मी लावणार नाही. मला खरं तर एकच गोष्ट सांगायचीय, १९९५ सालच्या ऑक्टोबरमधली. जो भेटेल त्याला मी ती सांगत असतो, घरची माणसं तर आता उठून जातात. तुम्ही बसून आहात असं धरून चालतो.

माणसाचं नाव सॅम मिल्स. जागा लाइनबॅकरची. उंची पाच फूट नऊ इंच. पुन्हा सांगतो, पाच फूट नऊ इंच, कारण सगळी भानगड या उंचीचीच आहे. आपल्याकडे वधू-वर सूचक मंडळात पाच-नऊचा मुलगा ‘उंच’ म्हणून खपतो. तिकडे लाइनबॅकर व्हायचं तर सहा फुटांच्या आतल्या पोराकडे सहसा कुणी बघतही नाही.

लाइनबॅकर म्हणजे कोण, तेवढं सांगतो. दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. बचावाच्या पहिल्या रांगेत तीन-चार अगडबंब गडी, त्यांचं काम रेटारेटीचं. पार मागं वेगवान पळणारे. आणि या दोघांच्या मधे लाइनबॅकर. कबड्डीत मध्यरक्षक चढाईवाल्याच्या पायांकडे बघत साखळी हलवतो ना, तसा हा. समोरचे उभे कसे राहिलेत, कुणाचं वजन पुढच्या पायावर आलंय, कोण मुद्दाम भलतीकडे बघतोय, हे चेंडू हलायच्या आधी वाचायचं आणि आपल्या गड्यांना ओरडून सांगायचं. आधी वाचायचं, मग सांगायचं. धडक त्यानंतर.

आता मिल्स. जन्म १९५९चा, न्यू जर्सीतला. वाढला लाँग ब्रँच या समुद्रकाठच्या गावात. न्यू जर्सीत आता आपली कितीतरी मराठी घरं आहेत, एडिसनला, पार्सिपनीला. त्यांच्यापैकी कुणी ऐकत असेल तर हा तुमच्या शेजारपाजारचाच माणूस बरं का. कॉलेजही तिथलंच, माँटक्लेअर स्टेट. तिसऱ्या श्रेणीतलं, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणारं. एनएफएल म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग. १९८१ साली तिच्या २८ संघांनी निवडीच्या बारा फेऱ्यांत कॉलेजांतली तीनशेच्या वर पोरं उचलली. मिल्सला कुणी उचललं नाही. क्लीव्हलंड ब्राउन्सनी शिबिराला बोलावलं आणि काढून टाकलं. पुढच्या वर्षी कॅनडात टोरंटोच्या संघानं बोलावलं. त्यांनीही काढलं. दोनदा काढला. उंची आडवी आली.

मग करत काय होता? ईस्ट ऑरेंजच्या हायस्कुलात मास्तरकी. लाकूडकाम आणि फोटोग्राफी शिकवायचा, आणि शाळेच्या फुटबॉल संघाचा सराव घ्यायला मदत करायचा.

लाकूडकाम म्हटलं की मला आपला कार्यानुभवाचा तास आठवतो. आता त्या तासाला गणिताचे सर येतात आणि राहिलेला धडा पुरा करतात. परिणाम असा, की स्टुलाचा एक पाय डुगडुगायला लागला तर पोरं मोबाइलवरून नवं स्टूल मागवतात. खिळा कुठल्या कोनात मारायचा हे ज्याला कळतं त्याला नोकरी लागत नाही आणि ज्याला नोकरी आहे त्याला खिळा मारता येत नाही. असो. विषय मिल्सचा आहे.

१९८३ साली तिकडे यूएसएफएल नावाची नवी लीग निघाली, वसंत ऋतूत खेळणारी. त्यातल्या फिलाडेल्फिया स्टार्स या संघाकडे मिल्ससाठी शब्द कुणी टाकला असेल? ज्यांनी त्याला काढलं होतं त्या ब्राउन्सचेच प्रशिक्षक, सॅम रुटिग्लियानो यांनी. म्हणजे बघा, खेळ दिसत होता, पण मोजपट्टी ओलांडायची छाती नव्हती. आपल्या निवड समित्यांमध्येही अशी माणसं काही कमी नाहीत. चहा पिताना ‘पोरगं भारी आहे हो’ म्हणतात आणि यादीवर सही करताना भलतंच नाव लिहितात.

स्टार्सचे प्रशिक्षक होते जिम मोरा. तिथं मिल्स खेळला, आणि असा खेळला की तीन वर्षांत तिन्ही वेळा संघ अंतिम सामन्यात, त्यात दोन विजेतेपदं. टोपणनाव पडलं ‘फील्ड माऊस’, म्हणजे शेतातला उंदीर. पण ती लीगच बुडाली. तिच्यातल्या एका संघाच्या मालकानं फार आग्रह धरला की वसंत ऋतू सोडा, एनएफएलच्या हंगामातच खेळू, त्यांच्याशी टक्कर घेऊ. त्या मालकांचं नाव डोनाल्ड ट्रम्प. लीगनं एनएफएलवर मक्तेदारीचा खटला भरला, १९८६ साली जिंकलाही, आणि ज्यूरीनं भरपाई दिली एक डॉलर! कायद्याप्रमाणे तिप्पट करून तीन. खटला जिंकून घर बुडालं.

मोरा गेले न्यू ऑर्लिन्स सेंट्समध्ये, मिल्सला बरोबर घेऊन. तो तेव्हा २७ वर्षांचा, म्हणजे एनएफएलच्या हिशोबानं पदार्पणाला भलताच उशीर. सेंट्स हा कसला संघ? १९६७ पासून खेळत होता आणि एकदाही जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त झाले नव्हते. १९८० साली तर लोक लाजेनं डोक्यावर कागदी पिशव्या चढवून मैदानात बसायचे. मिल्स आल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९८७ला, बारा जिंकले, तीन हरले. रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन, पॅट स्विलिंग आणि मिल्स या चार लाइनबॅकरांना ‘डोम पेट्रोल’ म्हणायचे, कारण मैदान छपराखालचं, सुपरडोम. १९९२च्या हंगामात चौघेही एकदम प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडले गेले. एकाच संघाचे चारही लाइनबॅकर!

झाली तयारी. आता गोष्ट.

१९९५ साल. उत्तर कॅरोलायनात शार्लट शहराचा नवाकोरा संघ उभा राहिला, कॅरोलायना पँथर्स. इतका नवा, की स्वतःचं मैदानही बांधून व्हायचं होतं. मग पहिलं वर्ष घरचे सामने कुठं खेळायचे? शेजारच्या दक्षिण कॅरोलायनात, क्लेमसन विद्यापीठाच्या मैदानावर. म्हणजे शार्लटच्या माणसाला आपल्याच संघाचा घरचा सामना बघायला दोन तासांवर गाडी हाकत दुसऱ्या राज्यात जायचं.

प्रशिक्षक डॉम केपर्स. यांनी मिल्सला स्टार्समध्ये पाहिलेलं, सेंट्समध्ये पाहिलेलं. त्यांना उंची मोजायची गरज नव्हती. मिल्स आता ३६ वर्षांचा. बहुतेक लाइनबॅकर या वयात खेळ सोडून गुडघे शेकत बसलेले असतात. आणि याच्या हाती दिला कोवळा संघ.

पहिला सामना हरले. दुसरा हरले. तिसरा, चौथा, पाचवा. पाचच्या पाच हरले. आणि १५ ऑक्टोबरला समोर आले न्यूयॉर्क जेट्स. आता गंमत बघा. जेट्स म्हणायचे न्यूयॉर्कचे, पण त्यांचं घरचं मैदान न्यू जर्सीत, ईस्ट रुदरफर्डला. मिल्स ज्या शाळेत पोरांना पटाशी कशी धरायची ते दाखवत होता, ती शाळा तिथून फार लांब नाही. म्हणजे गावचाच संघ समोर.

पूर्वार्ध संपत आलाय. जेट्स पुढं आहेत. लोकांच्या मनात काय असणार? सहावा पण गेला.

चेंडू जेट्सकडे. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, बबी ब्रिस्टर. जेट्सनी काढली एक जुनी युक्ती, तिला म्हणतात शॉव्हल पास. ती नीट ऐका, कारण सगळी मजा तिथंच आहे. फेकणारा मागं सरकतो. हात असा वर घेतो, की आता हा लांब टाकणार. तसं वाटलं की बचावातले दांडगे गडी त्याला धरायला सुसाट सुटतात. ते सुटले की त्यांच्या मागं जागा मोकळी. आणि मग हा फेकणारा लांब टाकतच नाही. खालच्या हातानं, हळूच, दोन-चार पावलांवरच्या आपल्या साथीदाराकडे चेंडू सारतो. दांडगे पुढं निघून गेलेले, मागं कुणी नाही, साथीदार पळत सुटतो. ही युक्ती फसते कधी? फक्त एकदाच. बचावातला एखादा माणूस सुटलाच नाही तर.

ब्रिस्टर मागं सरकला. दांडगे सुटले. ब्रिस्टरनं चेंडू सारला.

आणि त्या मोकळ्या जागेत मिल्स.

श्रोतेहो, तिथं साथीदाराच्या हातात जायचा चेंडू मिल्सच्या हातात गेला! आणि पुढं काय? पुढं मैदान. ३६ यार्ड मैदान. वय ३६, अंतर ३६ यार्ड. शंभर किलोच्या पुढचा गडी, आखूड पाय, आणि पळाला. माझ्या घरचे या ठिकाणी म्हणतात, ‘हो, कळलं, पुढं टचडाउन झालं.’ पण असं घाईनं नाही सांगायचं ते! पळाला, पळाला, कुणी गाठलं नाही, आणि रेषेच्या पलीकडे. टचडाउन. जे मैदान पाच सामने हरलेल्या पाहुण्या संघाला भाड्यानं दिलेलं होतं, ते त्या क्षणी पँथर्सचं झालं. सामना जिंकले २६-१५. संघाच्या इतिहासातला पहिला विजय.

लोक म्हणतात, नशीब. चेंडू येऊन हातात पडला. मी म्हणतो, नशिबाला तिथं उभं राहायचं कळलं असतं का? टीव्हीवाले असला प्रसंग सावकाश करून करून दाखवतात आणि प्रत्येक वेळी दाखवतात चेंडू. चेंडूकडे बघून काय कळणार? चेंडू सुटायच्या आधीचे दोन सेकंद दाखवा की! बाकीचे धावत होते तेव्हा हा थांबला होता, ते दाखवा. म्हणून मी म्हणतो की खेळ रेडिओवर ऐकावा. सांगणारा शहाणा असेल तर तो माणसाकडे बघतो. आणि तेच पुन्हा सांगतो: लाइनबॅकरनं आधी वाचायचं. धडक त्यानंतर.

त्यापुढचा रविवार तर आणखी गोड. समोर सेंट्स, मिल्सचा जुना संघ, जुने मोरासाहेब. पँथर्सनी २०-३ असं हरवलं. मग न्यू इंग्लंडला हरवलं. मग थेट सॅन फ्रान्सिस्कोला त्यांच्या घरी जाऊन, १३-७. हे सॅन फ्रान्सिस्कोवाले त्याच वर्षी जानेवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकलेले, बरं का! नव्या संघानं त्या हंगामात सात सामने जिंकले. नव्या संघासाठी तो विक्रम होता. पुढच्या वर्षी बारा जिंकले, डॅलसला घरी पाठवलं, सुपर बोलपासून एक सामना दूर राहिले. ३७ वर्षांच्या मिल्सची पाचव्यांदा प्रो बोलसाठी निवड झाली. १९९७च्या हंगामानंतर तो थांबला. शार्लटमधल्या पँथर्सच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारला तो १९९८ साली, म्हणजे तो तिथंच काम करत असताना.

मला खूण झालीय, वेळ थोडा राहिलाय. मीच गोष्टीत घालवला, माझी तक्रार नाही.

मिल्स त्याच संघात लाइनबॅकरांचा प्रशिक्षक झाला. ऑगस्ट २००३मध्ये आतड्याचा कर्करोग निघाला. त्याच महिन्यात त्याच्या हाताखालचा लाइनबॅकर मार्क फील्ड्स, त्यालाही कर्करोग. मिल्स केमोथेरपी घेत घेत सरावाला येत राहिला. जानेवारी २००४ मध्ये बाद फेरीच्या सामन्याआधी तो खेळाडूंशी बोलला. म्हणाला, आजार कळला तेव्हा दोनच वाटा होत्या, सोडून द्यायचं किंवा लढत राहायचं. मी लढत राहिलो, तुम्हीही राहा. त्याचे शब्द होते ‘कीप पाउंडिंग’. संघानं डॅलसला हरवलं, मग सेंट लुइसला दोन जादा डावांपर्यंत ताणून हरवलं, मग फिलाडेल्फियाला, आणि सुपर बोल गाठला. तिथं न्यू इंग्लंडकडून ३२-२९ असे हरले. अवघ्या तीन गुणांनी. ‘कीप पाउंडिंग’ हे शब्द आता पँथर्सच्या जर्सीच्या कॉलरला आतून शिवलेले असतात.

१८ एप्रिल २००५ला मिल्स गेला. वय ४५.

आणि ओहायोतल्या कॅन्टन गावी या खेळातल्या थोरांचा मान राखणारं जे हॉल ऑफ फेम आहे, तिथं घ्यायला त्याला किती वर्षं लावली? निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचं आणि मग वीस वर्षं नाव विचारात राहतं, असा नियम. मिल्सची निवड विसाव्या वर्षी, शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये झाली. त्याच्या वतीनं पत्नीनं भाषण केलं. पँथर्सनी आजवर एकच नंबर कायमचा बाजूला ठेवलाय, तो त्याचा, एक्कावन्न.

पुढच्या वेळी घरी परत येऊ आणि कबड्डीच्या मॅटबद्दल बोलू. माती जाऊन मॅट आली त्याबद्दल मला बरंच काही म्हणायचंय, तेव्हा चहा आधीच करून ठेवा. नमस्कार.