वजनाची वही

नमस्कार, श्रोतेहो. स्नायू कमावणे आणि कमावलेली ताकद पुढे अनेक वर्षे टिकवणे, या विषयावर आज आपल्याशी बोलायचे आहे. सल्ले उदंड आहेत. त्यांतला एकच पाळायचा झाला तर मी असे सांगेन की, आज किती वजन किती वेळा उचलले ते लिहून ठेवावे, आणि तेवढे सहज जमू लागले की थोडे वाढवावे. लिहून ठेवावे आणि थोडे वाढवावे; हे मी आज पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

या साध्या नियमाला वैद्यकशास्त्रात जागा कशी मिळाली, त्याची हकिगत मला फार आवडते आणि ती सांगण्याची संधी मी सहसा सोडत नाही. दुसरे महायुद्ध अखेरीला आले होते. अमेरिकेत शिकागो येथील गार्डिनर जनरल हॉस्पिटल या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची गर्दी झाली होती आणि त्यांत गुडघ्याला दुखापत झालेले पुष्कळ होते. हाड जुळून येई, शस्त्रक्रियेची जखमही भरून येई. पण दीर्घकाळ न हललेल्या पायाची मांडी इतकी बारीक झालेली असे की उभे राहताच गुडघा दगा देई. त्यावर तेव्हाचा रूढ उपाय म्हणजे अगदी हलके वजन घेऊन पाय असंख्य वेळा हलवायचा. सैनिक महिनोन्‌महिने पाय हलवत, थकून जात, आणि खाटा काही रिकाम्या होत नसत.

तेथे थॉमस डीलॉर्म नावाचे एक तरुण लष्करी डॉक्टर होते. किशोरवयात ऱ्हुमॅटिक तापाने, म्हणजे सांध्यांना आणि हृदयाला बाधणाऱ्या आजाराने, त्यांना अंथरुणाला खिळवले होते आणि त्यातून उठल्यावर त्यांनी स्वतःचे शरीर वजने उचलून पुन्हा उभे केले होते. (आजारातून उठलेल्या माणसाला गरजेपेक्षा जास्त दिवस झोपवून ठेवण्याची आपल्याला जी हौस असते, तिच्याविषयी मी एखाद्या दिवशी स्वतंत्रपणे बोलेन.) जे व्यायामशाळेत चालते ते रुग्णालयात का चालू नये, असा विचार डीलॉर्म यांनी केला. त्यांनी सैनिकाच्या पायाला लोखंडी बूट बांधला, त्यावर वजने चढवली, त्याला टेबलाच्या कडेवर बसवले आणि गुडघा सरळ करायला सांगितले. दुखऱ्या पायावर वजन ठेवायचे, आणि तेही भरपूर, ही कल्पना त्या काळात धाडसाचीच होती.

परंतु या हकिगतीचे खरे मर्म त्या बुटात नाही, ते मोजमापात आहे. रुग्ण जेमतेम दहा वेळा उचलू शकेल आणि अकराव्यांदा उचलू शकणार नाही, असे वजन डीलॉर्म शोधून काढत, त्याची नोंद करत आणि दर आठवड्याला ते नव्याने ठरवत. ताकद वाढली की वजन वाढे, आणि किती वाढले हे रुग्णाला कागदावर दिसे. मांड्या भरू लागल्या, गुडघे स्थिर झाले. १९४५ साली त्यांनी निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात ठामपणे मांडले की जास्त वजन थोड्या वेळा उचलल्याने ताकद येते, हलके वजन पुष्कळ वेळा उचलल्याने दमसास वाढतो, आणि एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

पुढचा भाग मला त्याहून प्रिय आहे. आरंभी ते रुग्णाकडून एका बैठकीत सत्तर ते शंभर आवर्तने करून घेत, म्हणजे वजन तितक्या वेळा उचलून घेत. १९४८ साली आर्थर वॉटकिन्स या सहकाऱ्यासह लिहिताना त्यांनी स्वतःच सांगितले की इतक्यांची गरज नाही, वीस ते तीस पुरतात. दहा-दहा आवर्तनांचे तीन सेट, म्हणजे मध्ये थांबून केलेल्या तीन फेऱ्या: पहिला त्या ठरलेल्या वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊण वजनाने आणि तिसरा पूर्ण वजनाने. काम कमी केले, पण नोंद आणि वाढ सोडली नाही. आज जगभरच्या व्यायामशाळांत जे तीन सेट केले जातात, त्यांच्यामागे त्या सैनिकांचे गुडघे आहेत. व्यायामशाळेत भिंतभर आरसे असतात आणि नोंदवही कुठेच नसते, हे पाहिले की मला डीलॉर्म यांची आठवण होते.

आता आपल्या स्वतःच्या व्यायामाविषयी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वजन भराभर वाढते, पण दंड तेवढेच दिसतात. याचे कारण असे की प्रथम मज्जासंस्था असलेल्या स्नायूंकडून अधिक काम करून घ्यायला शिकते. स्नायूंची जाडी त्यानंतर, दोन-तीन महिन्यांत नजरेत भरू लागते. नेमके या मधल्या काळात अनेकजण निराश होऊन व्यायाम सोडतात. ज्याच्याकडे नोंद आहे त्याला आरसा काही सांगत नसला तरी वही सांगते. प्रत्येक सेट, आणखी एक-दोन आवर्तने जमतील एवढी ताकद शिल्लक असताना थांबवला तरी पुरतो, आणि त्याच स्नायूला पुन्हा ताण देण्यापूर्वी सुमारे दोन दिवसांची विश्रांती द्यावी. प्रथिने कशात असतात हे आपल्याला ठाऊकच आहे. शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम एवढी मिळाली, तर त्याहून अधिक खाऊन स्नायूंना फारसा फायदा होत नाही. डबाबंद भुकटीवर होणाऱ्या खर्चाविषयी मी अधिक बोलत नाही. ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

उशीर झाला असे कोणी म्हणेल, तर १९९० साली बोस्टनमध्ये झालेला एक अभ्यास सांगतो. वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा व्यक्तींना पायांच्या ताकदीचा व्यायाम आठ आठवडे देण्यात आला, आणि तोही मापून, वाढवत वाढवत. नऊजणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. मात्र व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ती ताकद ३२ टक्क्यांनी उतरली.

कमावलेले टिकवायला कमावण्याइतके कष्ट लागत नाहीत, ही त्यातली दिलाशाची बाजू आहे. तरुणांनी आठवड्यातून एकदा, प्रत्येक व्यायामाचा एक सेट पूर्वीच्याच वजनाने केला, तरी स्नायूंचा आकार कित्येक महिने राखता येतो. साठीच्या पुढे तेवढ्याने आकार राहत नाही, म्हणून त्यांनी आठवड्यातून दोन दिवस तरी व्यायाम करावाच. सेट कमी करावेत, दिवस कमी करावेत. वजन मात्र उतरवू नये, आणि ते उतरले की नाही हे वहीत पाहावे.