आवाजाने शिकवायचा योग

आरशासमोरच्या पहिल्या रांगेतील या तरुणीच्या हनुवटीवरून घाम मॅटवर टपटपतो आहे, आणि वर्ग सुरू होऊन दहा मिनिटेही झालेली नाहीत. खोलीचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे आणि हवेतील आर्द्रता सुमारे ४० टक्के. ‘बिक्रम योग’ किंवा ‘हॉट योग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ९० मिनिटांच्या या वर्गात ती २६ आसने आणि २ श्वसनप्रकार ठरलेल्या क्रमाने करील. हा क्रम तिच्या अंगवळणी पडला आहे. आता तिला आरशाकडे पाठ करून उभे राहायचे आहे, म्हणजे शिक्षिका व्हायचे आहे.

हा क्रम रूढ करणारे बिक्रम चौधरी मूळचे कोलकात्याचे आणि योगशिक्षक बिष्णुचरण घोष यांचे शिष्य. १९७०च्या दशकात त्यांनी अमेरिकेत बस्तान बसवले आणि पुढे त्यांचे नऊ आठवड्यांचे शिक्षक-प्रशिक्षण जगभर गाजले. २०१३ पासून मात्र त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे दावे दाखल झाले, ज्यांत माजी प्रशिक्षणार्थीही होत्या. त्यांनी हे आरोप नाकारले; तरीही अनेक केंद्रांनी आपल्या पाटीवरून त्यांचे नाव उतरवले. आसनांचा क्रम ही आपली मालमत्ता असल्याचा त्यांचा दावाही अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला. गुरूचे नाव गेले, पण क्रम राहिला. ज्याने दिले त्याच्याविषयी आदर उरला नाही आणि जे मिळाले ते सोडवत नाही, अशी ही अवघड निष्ठा आहे, आणि प्रत्येक नव्या शिक्षकाला तिचा हिशेब स्वतःशीच मांडावा लागतो.

या परंपरेतील शिक्षक वर्गात सहसा स्वतः आसन करून दाखवत नाही. तो फक्त बोलतो. प्रत्येक आसनासाठी सूचनांची एक संहिता असते आणि ती प्रशिक्षणार्थीला शब्दशः पाठ करावी लागते. आमची ही साधक भांडी घासताना अर्धचंद्रासनाच्या सूचना पुटपुटते, चालताना त्रिकोणासनाच्या. घोकंपट्टी म्हणून या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु डोके गरगरत असताना माणसाला लांबलचक स्पष्टीकरण समजत नाही, त्याला एका वेळी एकच क्रियापद हवे असते, हे त्या खोलीत उभे राहिल्यावरच कळते.

तरीही संहिता पुरेशी नसते. एका पायावर उभे राहून करायच्या दंडायमान धनुरासनात उभ्या पायाचा गुडघा ताठ ठेवण्याची सूचना बहुतेकांना स्थैर्य देते. ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत, त्यांचा गुडघा मात्र तीच सूचना ऐकून मागे वाकतो. उष्णतेत स्नायू लवचिक वाटतात आणि त्या भरात आपली मर्यादा कुठे संपली, हे कळेनासे होते. शिक्षिकेने पाहायचे असते ते हेच.

दुसरी गोष्ट घामाची. घाम शरीर थंड करतो तो वाळताना. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि शरीराचे तापमान चढत राहते. घामावाटे विषद्रव्ये निघून जातात, हे वाक्य आमच्या साधकाने स्वतः कितीतरी जणांना सांगितले होते. ते काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात, हे शिकल्यावर तिने ते वाक्य सोडले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हाच क्रम तापवलेल्या आणि साध्या अशा दोन्ही खोल्यांत करून घेतला गेला. रक्तवाहिन्यांच्या कार्यात सुधारणा दोन्हीकडे दिसली. उष्णतेच्या भक्ताला हे पचवणे जड जाते. तिलाही गेले. आजही तिला उष्ण खोलीच आवडते, फक्त त्या आवडीला ती आता औषध म्हणत नाही. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांना वैद्यकीय सल्ल्याशिवाय वर्गात न घेण्याचे तिने ठरवले आहे.

आज तिचा पहिला सरावपाठ आहे. उष्ट्रासनापर्यंत तिची एकही ओळ चुकलेली नाही. एवढ्यात तिसऱ्या रांगेतील एका गृहस्थांचा चेहरा पांढरा पडलेला तिला दिसतो. ती संहिता अर्धवट सोडते आणि म्हणते, “खाली बसा. श्वास नाकाने घ्या. उठायची घाई करू नका.” त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतल्यावर ती पुन्हा वर्गाकडे वळते, कोणत्या ओळीवर थांबलो होतो, हे तिला आठवत नाही. ती समोरच्या शरीरांकडे पाहते आणि तिथूनच पुढे बोलू लागते.